दातगाडीपुढचा शब्द

हिंगणघाट, सोमवार, १९ नोव्हेंबर १९५६

आज कापसाच्या प्रेसमध्ये गाडीखाली नलूचा पाय चिरडला आणि मालकांनी पहिला प्रश्न विचारला तो गाठ फुटली का, असा. इथे लिहून ठेवतो, नाही तर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

दिवाळीच्या आधी आमच्या मालकांनी, भैयाजींनी, लष्कराच्या लिलावातून ही गाडी आणली. पुढे लोखंडाचे दोन लांब दात. दातांवर कापसाच्या गाठी घ्यायच्या, वर उचलायच्या आणि गोदामात नेऊन रचायच्या. कागदावर तिचं नाव फोर्कलिफ्ट, आवारात पहिल्या दिवसापासून दातगाडी. काम भरपूर करते, नाही म्हणत नाही. पण गाठी उचलल्या की चालवणाऱ्या चंद्रभानला समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. भोंगा म्हणाल तर तो लिलावाच्या आधीच कोणी तरी काढून नेलेला. आणि त्याच आवारातून बाया जिनातली सरकी काढलेली रुई बोचक्यात बांधून, डोक्यावर घेऊन प्रेसकडे जातात. गाडीची वाट आणि बायांची वाट वजनकाट्याजवळ एकमेकींना छेदतात. हे मी भैयाजींना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आवाराचा सुपरवायझर मी, सांगणार नाही तर काय करणार? ते म्हणाले, हत्ती रस्त्यानं जातो तेव्हा लोक बघून चालतातच की.

नलू लग्न ठरलेली पोर आहे. तिची आई देवकी तिच्याच मागून बोचकं घेऊन येत होती, तिच्या डोळ्यांदेखत झालं. आई ओरडली नाही, तिनं बोचकं फेकलं आणि पोरीचा पाय पदरानं बांधला. मी गाडी थांबवली, टांगा बोलावला, दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, बोटं जातील, पाय राहील. आणि आमचे मालक खाली येऊन गाठीभोवती फिरून बघत होते. माझं डोकं अजून ठिकाणावर नाही.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

भैयाजींशी कडाकडा भांडलो. म्हणजे मी भांडलो, ते सुपारी कातरत होते. मला तीन गोष्टी हव्या होत्या. बायांच्या वाटेला दोन्ही बाजूंनी चुन्याच्या रेघा, काट्याच्या कोपऱ्यावर मोठा आरसा आणि गाडीला भोंगा. चुना मिळाला. आरशाला पैसे नाहीत म्हणाले, तो मी सलून बंद केलेल्या एका न्हाव्याकडून मागून आणला. भोंग्यालाही पैसे नाहीत, वर म्हणाले, "अच्युतराव, माणसाले देवानं तोंड कायले देलं? एक माणूस गाडीपुढं चालवा अन् ओरडू द्या."

बरं, ओरडणाऱ्याच्या हाती लाल झेंडा द्यावा म्हटलं तर एकदम सुपारी थांबली. लाल नको. लाल बावट्याची हवा आधीच मिलपर्यंत आली आहे, ती आपल्या आवारात नको. आता बोला. लोकांचे पाय गेले तरी चालतील, पण झेंड्याचा रंग बिघडता कामा नये. शेवटी माझ्या बायकोनं, शरयूनं, तिचं जुनं पिवळं पातळ फाडून दिलं.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

आज फजिती झाली. आवाजाची सोय म्हणून मी गाडीला पितळी घंटा बांधली होती. पहिल्याच फेरीला चंद्रभाननं दोरी ओढली आणि अर्धं आवार बोचकी खाली टाकून भाकरी सोडायला बसलं. जेवणाच्या सुट्टीला आम्ही घंटाच देतो, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे. भैयाजी वरच्या गॅलरीतून बघत होते, ते पोट धरून हसले. नलूचा पाय चिरडला तेव्हा हे गॅलरीत नव्हते, आज बरे होते.

घंटा सोडवून ठेवली.

सोमवार, ३ डिसेंबर

आता जमलं. थोडी पाठ थोपटून घेतो, दुसरं कोणी थोपटणार नाही.

गाडीपुढे चालायला रूपरावला नेमला आहे. वडनेरकडचा, शेतकरी घरातला, छाती भरभक्कम. त्याच्या हाती लांब काठीचा पिवळा झेंडा, गाठींच्या बाजूनं तो हलताना दिसला की चंद्रभाननं थांबायचं, आणि तोंडाला पत्र्याचा कर्णा. ओरडायचं काय, हा प्रश्न होता. मी स्वतः जिनाच्या दाराशी, मशीन चालू असताना उभा राहिलो आणि त्याला काट्यापासून एकेक शब्द ओरडायला लावला. "बाजूला व्हा" मधेच विरतो. "सरका" तर ऐकूच येत नाही, फट् होऊन संपतो. "गाडी आली" म्हटलं की लोक कुठे आली ते बघायला मान वळवतात. पण "दू-ऊ-र व्हा" थेट दारापर्यंत येतो. तो ऊ जितका लांबवावा तितका लांबतो. शब्द ठरला. रूपरावला तर तो फारच आवडला. म्हणाला, "हा तं आमच्या घरचाच शब्द हाये जी, शिकवा नाई लागत."

दिवसभर गाडी फिरली. "दूर व्हा" आला की बाया भराभर चुन्याच्या रेघेआड होतात. कोणाला नख लागलं नाही.

शुक्रवार, १४ डिसेंबर

दिल्लीहून ती निधनाची बातमी आल्यापासून वेशीबाहेरच्या वस्तीतल्या बाया आठवडाभर कामावर नव्हत्या. प्रेस निम्मी रिकामी होती, भैयाजी तणतणत होते. आज आल्या. सगळ्यांची तोंडं उतरलेली, डोळे सुजलेले.  मी कोणाचा खाडा लावू दिला नाही.

पण दुपारी भलतंच झालं. रूपराव नेहमीसारखा ओरडत येत होता. बाकीच्या बाया रेघेआड झाल्या आणि देवकी वाटेच्या मधोमध उभीच राहिली. डोक्यावर बोचकं, नजर समोर. रूपराव अगदी जवळ येऊन कर्ण्यातून ओरडला तरी हलली नाही. शेवटी त्यानं झेंडा हलवून गाडी थांबवली. गाडी थांबल्यावर ही शांतपणे निघून गेली.

मी म्हटलं, दुःखात आहे, ध्यान नसेल.

शनिवार, १५ डिसेंबर

ध्यान होतं. आज दोनदा तेच. चांगली बघत होती गाडीकडे.

मंगळवार, १८ डिसेंबर

जिनाच्या गडगडाटात वर्षानुवर्षं काम करून बायांचे कान जातात, असं मला वाटलं. म्हणून देवकीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. तिला यायचं नव्हतं, मी हुकूमच केला. डॉक्टरांनी मागे उभं राहून कुजबुजून विचारलं, बाई, सकाळी काय जेवलात. ती म्हणाली, "अंबाडीची भाजी अन् भाकर." डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, तुमचेच कान तपासून देऊ का?

येताना मी रस्ताभर बोललो. जिच्या पोरीचा पाय त्या गाडीखाली गेला तिनं असं करावं? मी हे सगळं कोणासाठी करतो आहे? मालकांची बोलणी कोणासाठी खातो आहे? ती माझ्या मागून चालत होती. एवढंच म्हणाली की नलू आता भिंत धरून चालते.

मला या बाईचा भयंकर राग आला आहे. एखाद्याचं भलं करायला जावं आणि त्यानंच आपल्या तोंडावर दार लावावं, तसं झालं.

शुक्रवार, २१ डिसेंबर

आता देवकीच्या मागे आणखी चौघी उभ्या राहू लागल्या. सगळ्या त्याच वस्तीतल्या. दसऱ्याला या सगळ्या पांढरी लुगडी नेसून नागपूरला गेल्या होत्या आणि आल्यापासून यांचं काही तरी बिनसलंच आहे. घरातले देव काढून टाकले म्हणतात. टाका बापहो, तुमचे देव तुम्ही जाणा. पण चुन्याच्या रेघेनं काय पाप केलं आहे?

रूपराव तर पेटला आहे. आता तो बाकीच्या बायांपुढे हळू ओरडतो आणि या पाचजणींपुढे आला की कर्णा सरळ त्यांच्या कानाशी नेतो. त्याला मी दम दिला. पण गाडी प्रत्येक फेरीला थांबते आणि गॅलरीतून भैयाजी बघतात.

बुधवार, २ जानेवारी १९५७

आज सगळं मुसळ केरात.

कारखान्यांचे इन्स्पेक्टर आले होते. आपण मुंबई राज्यात गेल्यापासूनचे पहिलेच. नलूच्या अपघाताची चौकशी होती. मी त्यांना रेघा दाखवल्या, आरसा दाखवला, झेंडा दाखवला. गृहस्थ खूश झाले. म्हणाले, एक फेरी चालवून दाखवा.

रूपराव निघाला, "दू-ऊ-र व्हा". मागून दातगाडी, गाठी अगदी वरपर्यंत. बाया बाजूला झाल्या. देवकी मधोमध. इन्स्पेक्टर आहेत म्हणून रूपरावला चेव चढला असावा, तो थांबला नाही, ओरडतच तिच्या अंगाशी गेला आणि झेंडा हलवायचा राहून गेला. चंद्रभानला ऐन वेळी आरशात काही तरी दिसलं, त्यानं करकचून ब्रेक दाबला आणि वरची गाठ निसटून खाली आली. देवकीपासून वीतभर अंतरावर. जमीन हादरली. तिच्या डोक्यावरचं बोचकंसुद्धा हललं नाही. ते मी पाहिलं.

इन्स्पेक्टर म्हणाले, एक तर हे यंत्र बंद करा नाही तर बायांची वाट बंद करा. आणि भैयाजींनी तिथल्या तिथे निवाडा केला. शनिवारपर्यंत ही बाई दूर व्हायला शिकली तर ठीक, नाही तर ती आणि त्या वस्तीतल्या सगळ्या बाया घरी. एकीच्या हट्टापायी तेवढ्या घरांची चूल विझणार आणि ही बया खांबासारखी उभी.

गुरुवार, ३ जानेवारी

राहवलं नाही, सकाळी कामावर जायच्या आधी तिच्या घरी गेलो. वेशीबाहेरच्या वस्तीत मी आजवर कधी गेलो नव्हतो. जायची गरजच पडली नव्हती. मी अंगणाच्या बाहेरच उभा राहिलो. नलू दारात बसून तांदूळ निवडत होती, तिनं पाय पदराखाली ओढून घेतला.

मी एका दमात सगळं ऐकवलं. तू मरशील, नोकरी जाईल, तुझ्यामुळे बाकीच्यांची जाईल. तुला ऐकू येतं, दिसतं, मग काऊन अशी करून राहिली आहेस? रागाच्या भरात मीही त्यांच्याच बोलीत बोललो.

देवकी म्हणाली, "आयकू येते म्हनूनच उभी राह्यतो, बाबू."

मला काही कळलं नाही. मग ती सावकाश बोलली. आवाज चढवला नाही.

"लहानपनापासून हेच आयकत आलो. रस्त्यानं दूर हो. हिरीवर दूर हो. दुकानापुढं दूर हो. माह्या मायले म्हनत, मले म्हनत, ह्या पोरीले म्हनत. दसऱ्याले नागपूरले गेलो तं ते सारं टाकून आलो. आता त्या शब्दानं मी हलत नाई."

"आणि गाडीखाली गेलीस तर?"

"भेव लागते न. पोरीचा पाय रोज मीच धुतो, भेव नसन का मले? पन दूर होनार नाई."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अगं, तो शब्द तुझ्यासाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. लांब ऐकू जावा म्हणून मी स्वतः पारखून घेतला आहे. एका साध्या शब्दाचं काय घेऊन बसलीस?

 ती म्हणाली, "एकच शब्द हाये न, बाबू? मंग बदला न."

  प्रेसपर्यंत पायी आलो आणि वाटेत दोन ओळखीची माणसं भेटली ती दिसलीच नाहीत.

संध्याकाळी शरयूला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "मी तिथे उभी असते तर रूपराव काय ओरडला असता?" मी पटकन म्हटलं, तुला कशाला ओरडेल, म्हणेल वहिनी, सरका जरा, गाडी येऊन राहिली. एवढं बोलून माझ्या तोंडचं वाक्य मलाच ऐकू आलं. शरयू भाजी फोडणीला टाकायला उठली.

शुक्रवार, ४ जानेवारी

भैयाजींकडे गेलो. म्हटलं, फार सोपं काम आहे, पैसा लागत नाही, माणूस लागत नाही. गाडीपुढचा शब्द बदलायचा. "सरका" म्हणू. लांबून ऐकू येत नसेल तर रूपराव आणखी चार पावलं पुढे चालेल.

त्यांनी कारण विचारलं. मी कारण सांगितलं. तिथेच चुकलं. कारण न सांगता बदलला असता तर त्यांच्या लक्षातही आलं नसतं.

म्हणाले, "आज शब्द बदला म्हन्ते, उद्या मालक बदला म्हनन. अच्युतराव, हा शब्द आता तोच राहीन. तिनं मागतला म्हनून तं राहीनच."

काय म्हणावं याला? भोंगा मागितला तेव्हा म्हणाले, पैसे नाहीत. आरसा मागितला तेव्हा पैसे नाहीत. आज मी फुकटची गोष्ट मागितली तर तीही नाही. मग एवढे दिवस पैशांसाठी नडत होते की आणखी कशासाठी? चुना, आरसा, पातळाचा झेंडा, एवढा आटापिटा केला मी. कालपर्यंत मला वाटत होतं ही बाई माझ्या मेहनतीवर पाणी ओतते आहे. खरं तर यांनाच ते यंत्र सुरक्षित नको आहे. यांना त्या बाया बाजूला झालेल्या नको आहेत, दूर झालेल्या हव्या आहेत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तोंडातून "बरं" एवढंच निघालं. चाकरी आहे.

शनिवार, ५ जानेवारी

आजचं नीट क्रमानं लिहितो.

सकाळी रूपरावला म्हटलं, आज तू काट्यावर वजन लिही, झेंडा मी धरतो. तो हसला, त्याला वाटलं भैयाजींच्या डोळ्यांसमोर देवकीला मीच सरळ करणार. भैयाजी गॅलरीत येऊन बसले होते. आज शनिवार. आवारातल्या सगळ्या बायांना ठाऊक होतं आज काय आहे ते.

मी गाडीपुढे चालायला लागलो. काय म्हणायचं ते घरून ठरवून आलो होतो. सरका. साधं आहे. देवकी समोरून येत होती, मागे त्या चौघी. काट्याजवळ ती थांबली. मी कर्णा तोंडाला लावला आणि माझ्या तोंडातून आलं, "दू-ऊ-र".

देवाशपथ, मी ठरवून म्हटलं नाही. ते आपोआप आलं. रूपराव म्हणाला होता, शिकवा नाई लागत. मलाही शिकवावं लागलं नव्हतं.

ती माझ्याकडे बघत होती. आता ही उभीच राहणार, हे मला दिसलं आणि माझे पाय जागीच थबकले. झेंडा खाली, कर्णा खाली. मागून चंद्रभान येतच होता. गाठींआडून त्याला मी दिसत नव्हतो, झेंडा हलला नाही म्हणून तो थांबलाही नाही. इंजिनाचा आवाज माझ्या पाठीशी आला आणि मला वळताही येईना. एवढे दिवस मी त्या गाडीपुढे बायांना चालवत होतो, पण आपण स्वतः तिच्यापुढे उभं राहिलो की काय होतं ते मला माहीत नव्हतं.

मी कर्णा न लावताच म्हटलं, "देवकीबाई, गाडी येऊन राहिली. बाजूला व्हा."

ती लगेच बाजूला झाली. रेघेपलीकडे एक पाय टाकला आणि दुसरा टाकायच्या आधी मोकळ्या हातानं माझं मनगट धरून मला असं ओढलं की तिचं बोचकं खाली पडलं आणि मी त्यावरच आदळलो. गाडी आमच्या अंगावरून वारा घालत गेली.

"सरका न, बाबू," ती म्हणाली. "दुसऱ्याले सांगता अन् सोता उभे राह्यता."

त्या चौघी हसल्या. मीही हसलो असेन, रुईनं तोंड भरलं होतं. वरून भैयाजींनी हाक मारली. मला वाटलं लागलं का विचारतील. म्हणाले, "अच्युतराव, घरी जा. आंघोळ करून या. मी खाडा धरत नाई."

गाडीखाली जाता जाता वाचलो त्याबद्दल शब्द नाही. तिनं हात लावला, तेवढं त्यांना वरून दिसलं. मी खालूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की सकाळी आंघोळ झाली आहे. आणि ही बाई बाजूला झाली, हे तुमच्यादेखत झालं आहे. त्यावर ते आत गेले. सोमवारी माझं काय करतील ते करोत.

मी झेंडा उचलला आणि पुढची फेरी सुरू केली. कर्णा काट्यावर ठेवून दिला. नावानं हाक मारली की बाया बरोबर बाजूला होतात, लांबून ओरडावं लागत नाही. फक्त देवकीबाई आणि नलू सोडली तर मला एकीचंही नाव ठाऊक नव्हतं. धुरपता, यशोदा, मग त्यांच्यामागची इंदिरा, असं प्रत्येकीला विचारत विचारत जावं लागलं आणि तेवढा वेळ दातगाडी माझ्यामागे थांबून राहिली.